बाळाची गादी कुठे घालायची?

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांची झोप

मुलांच्या झोपेबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं आणि पत्रांचा गठ्ठा आला. बहुतेकांचा रोख एकच : मुलाला कुशीत घेऊन झोपावं की वेगळं झोपवावं? आमच्या मते या प्रश्नाला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो. गादी कशी आहे, शेजारी कोण आहे आणि डोळा लागताना मुलाच्या भोवती जे होतं ते रात्री दोन वाजताही तसंच आहे का, या तीन गोष्टी नीट असल्या तर एका खोलीत सहा माणसं झोपली तरी मूल छान झोपतं. त्या बिघडल्या तर वेगळी खोली, रंगीत भिंती आणि महागडा क्रिब असूनही घर जागंच राहतं.

प्रश्न : आमचं वन रूम किचन आहे, खोली दहा बाय बारा. आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि दोन महिन्यांची मुलगी, सगळे जमिनीवर गाद्या जोडून झोपतो. नणंद म्हणते, बाळाला आमच्यात घेऊ नका. पाळणा ठेवायला जागा नाही. काय करावं?
— एक आई, डोंबिवली

खोली एकच आहे, याचं वाईट वाटून घेऊ नका. बाळ आईच्याच खोलीत असावं, पण झोपायची जागा स्वतःची असावी, निदान पहिले सहा महिने, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०२२ सालचा सल्ला आहे. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतो. म्हणजे तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे. नणंदेचं अर्धं बरोबर आहे. पाळणा नसला तरी चालेल, बाळाची गादी मात्र वेगळी हवी.

आधी गादी तपासा. हाताचा पंजा गादीवर दाबून उचला. खळगा राहिला, तर ती दोन महिन्यांच्या बाळासाठी मऊ आहे. नुकतीच पिंजून आणलेली कापसाची गादी फुगलेली असते, तिच्यात तोंड रुतू शकतं. जुनी झाली की तिच्यात गाठी आणि खड्डे पडतात, तेही नको. घट्ट दुमडलेली सतरंजी आणि त्यावर दीड-दोन इंचांची दाबून बसलेली गादी बाळाला पुरेशी आहे. वर एक चादर, चारही बाजूंनी खाली ताणून खोचलेली. उशी, लोड, मऊ खेळणी, गोधडी यांतलं काहीही त्या गादीवर नको.

आता क्रम. भिंतीकडून सुरुवात करून : वडील, मोठा मुलगा, आई, मग बाळाची गादी. बाळ दोघांच्या मध्ये नको, आणि भावाच्या शेजारी तर मुळीच नको. चार वर्षांचं मूल झोपेत गोल फिरतं, पाय टाकतं आणि खाली कोण आलंय याची त्याला शुद्ध नसते. तुमची गादी आणि बाळाची गादी यांच्यात हातभर, म्हणजे दीडेक फूट अंतर ठेवा. इथे एक चूक सर्रास होते. मोठ्यांची गादी सहा इंच जाडीची फोमची आणि तिला चिकटून बाळाची पातळ गादी. मग बाळ खड्ड्यात आणि मोठं माणूस कडेवर, अशी स्थिती होते. कूस बदलताना आईचा हात किंवा गादीची कड थेट बाळावर येते. शक्य असेल तर तुम्हीही पातळ गादीवर झोपा. जाड गादी वडील आणि मुलाकडे जाऊ द्या.

बाळाच्या दुसऱ्या बाजूला कपाट किंवा भिंत असेल तर तिथेही हातभर जागा मोकळी राहू दे. गादी आणि भिंत यांच्यातली चार-पाच इंचांची फट सर्वांत वाईट, बाळ सरकून तिच्यात तोंडघशी अडकतं. आणि बाळाची गादी मोरीच्या किंवा दाराच्या वाटेत घालू नका. अंधारात उठलेल्या माणसाचा पाय कुठे पडेल, सांगता येत नाही.

मच्छरदाणी सगळ्यांवर मिळून एकच लावत असाल तर खाली मोठी सतरंजी अंथरा, जाळीची कड त्या सतरंजीखाली खोचा आणि बाळापासून जाळी हातभर लांब राहील असं बघा. ढिली जाळी तोंडावर पडता कामा नये. कॉइल खोलीत नकोच, बंद खोलीत तिचा धूर रात्रभर सगळ्यांच्या छातीत जातो.

बाळाला प्रत्येक वेळी पाठीवर झोपवा. दूध उलटून घशात जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. उताणं झोपल्यावर श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खालच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध पुन्हा अन्ननलिकेतच उतरतं. पालथं झोपवलं की उलट होतं. बाळं उताणी झोपवा, हे सांगणारी मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली, त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

रात्री पाजताना तुमचा डोळा लागणारच, हे धरून चाला. म्हणून तुमच्या गादीवर बाळ येईल त्या बाजूची उशी आणि पांघरूण आधीच बाजूला करा, केस बांधा, मंगळसूत्र काढून ठेवा, ओढणी-पदर दूर. जाग आली की बाळाला त्याच्या गादीवर हलवा. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजताना झोप लागणं हे गादीवर झोप लागण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. बाळ सोफ्याच्या पाठीच्या आणि हाताच्या बेचक्यात घसरतं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, आई किंवा वडिलांनी दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल (सर्दीच्या बऱ्याच गोळ्या त्यातच येतात), तर एका गादीवर मुळीच नाही.

प्रश्न : सुनेला डॉक्टरांनी सांगितलंय की झोळी नको, राईची उशी नको, शेगडी नको, टोपडंही नको. आम्ही चार मुलं अशीच वाढवली. मग बाळाला ठेवायचं तरी कसं?
— एक आजी, कराड

आजी, सगळंच टाकून द्यायचं नाही. एकेक बघू.

साडीच्या झोळीत बाळ अर्धचंद्रासारखं वाकतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत मानेत जोर नसतो, त्यामुळे हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. बाळ रडतही नाही, शांत झोपलेलं दिसतं. हाच त्यातला घात आहे. शांत करण्यासाठी झोळीत चार झोके द्यायचे असतील तर कुणी मोठं माणूस तिथे बसून असावं आणि डोळा लागला की बाळ सपाट गादीवर यावं. रात्रीची झोप झोळीत नको.

सपाट तळाचा लाकडी पाळणा मात्र वापरा. त्याच्या दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सहज ताडून बघायचं तर शीतपेयाचा साधा कॅन त्यातून पलीकडे जाता कामा नये. कड्या आणि आकडा दर महिन्याला हाताने ओढून तपासा. चिमणाळं बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच बांधा. बाळ कुशीवर वळू लागलं किंवा हातांवर उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की चिमणाळं काढा आणि पाळणाही माळ्यावर टाका. वळणाऱ्या बाळाच्या वजनाने पाळणा एका बाजूला कलतो आणि बाळ कठड्याला दाबलं जातं.

राईची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. डोकं चपटं होतं ते एकाच बाजूला मान ठेवून झोपल्यामुळे. बाळ नेहमी आईकडे किंवा उजेडाकडे बघतं, म्हणून एक दिवस डोकं पूर्वेला, दुसऱ्या दिवशी पश्चिमेला असं झोपवा. बाजू आपोआप बदलते. दिवसा बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, तीन-चार मिनिटं पालथं ठेवा, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि हळूहळू वेळ वाढवा. उशीने हे दोन्ही साधत नाही आणि ती सरकून तोंडावर येते.

बाजेखालच्या शेगडीचं मात्र आम्ही अजिबात मान्य करणार नाही. बंद खोलीत निखाऱ्यांचा जो वायू साठतो त्याला वास नसतो, आणि बाळ-बाळंतीण दोघांनाही झोपेतच त्याची बाधा होते. धुरीचंही तसंच, धुराने बाळाची श्वासाची वाट सुजते. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीच्या कमरेला द्या, बाळाच्या गादीत नको. बाजेला झोळ पडला असेल तर नवार किंवा सुंभ ताणून घ्या, आणि बाळ त्यावर नको.

टोपडं बाहेर जाताना घाला, झोपताना काढा. बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे निघते. आणि टोपडं घसरून नाकावर येतं. (अगदी कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी ठेवायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.) आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढं माप पुरे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे बोट लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, छातीशी बोट जाईल इतकं सैल, पाय आत बेडकासारखे हलतील असे, आणि वळायची पहिली खूण दिसली की बंद. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत काढून ठेवा. कमरेला करगोटा राहू द्या.

प्रश्न : दहा महिन्यांची मुलगी अंगावर पीत झोपते, मग अलगद उचलून क्रिबमध्ये ठेवते. दर तासा-दीड तासाने उठते आणि पुन्हा प्यायल्याशिवाय झोपत नाही. दूध कमी पडतंय का? जवळ घेतलं तर सुधारेल का?
— एक आई, पुणे

मुलीचं वजन नीट वाढत असेल तर दूध कमी पडत नाहीये. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं (आपलं दीड तासाचं). प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाळ किंचित जागं होतं, आजूबाजूला चाचपतं, सगळं ठीक वाटलं की पुन्हा झोपतं. तुमची मुलगी झोपते कुशीत, तोंडात दूध असताना, आणि जागी होते ती एकटी, गार चादरीवर. तिच्या दृष्टीने हे काहीतरी भलतंच झालं. म्हणून ती ओरडते. आपण बिछान्यावर झोपून स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागे झालो तर आपणही ओरडू.

तेव्हा उपाय दोन आहेत आणि दोन्ही चालतात. एकतर झोपतानाची जागा आणि जाग येतानाची जागा तुमच्या शेजारची करा. क्रिबची एक बाजू काढून तो तुमच्या पलंगाला घट्ट बांधा, दोन्ही गाद्या एकाच उंचीवर आणि मध्ये बोटही जाणार नाही अशा. सर्वच क्रिबना हे जमत नाही. बाजू काढता येईल असाच बनवलेला हवा, सुताराकडून कठडा कापून घेऊ नका. किंवा क्रिब आहे तसाच ठेवून तिला क्रिबमध्येच झोपायची सवय लावा. मध्ये लोंबकळत राहणं, म्हणजे दोन रात्री क्रिब आणि तिसऱ्या रात्री थकून कूस, हे मात्र वाईट. त्यातून ती एवढंच शिकते की जास्त वेळ रडलं की चालतं.

सवय लावायची असेल तर क्रम असा. संध्याकाळी साडेसातला जेवण. आठला अंग पुसून कपडे बदलणं. सव्वाआठला पाजणं, पण खोलीत उजेड असताना आणि मुलगी जागी असताना. ढेकर काढा, दात आले असतील तर ओल्या फडक्याने पुसा. मग दिवा मंद, एकच अंगाई, तीच रोज. डोळे जड झाले पण मिटले नाहीत, अशा वेळी क्रिबमध्ये ठेवा. रडली तर उचलायच्या आधी छातीवर हात ठेवून थोपटा. पहिल्या तीन रात्री अर्धा-पाऊण तास लागू शकतो. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून थोपटणं कमी करत फक्त हात ठेवा, मग हात न ठेवता शेजारी बसा, मग खुर्ची हातभर मागे. दोन आठवडे धरून चाला. या काळात रात्रीचं एखादं पाजणं ठेवायला हरकत नाही, पण ते पहाटे तीन-चारच्या सुमाराचं ठेवा. झोपताना लगेच दिलेलं दूध तेवढं बंद करायचं आहे.

आठव्या ते दहाव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की मुलं बिथरतात, हे वयाचंच आहे. दिवसा लपाछपीचा ‘कुक’ खेळ भरपूर खेळा, त्याचा उपयोग होतो. ताप, सर्दी किंवा पाहुण्यांचा आठवडा असेल तर ही मोहीम तेव्हा सुरू करू नका. आणि बाळघुटीत झोपेसाठी जायफळाचे वेढे वाढवणं, सर्दीचं औषध ‘थोडंसं’ देणं हे प्रकार कोणत्याही वयात नकोत.

दहा महिन्यांची मुलगी कठडा धरून उभी राहते. क्रिबची गादी आज सर्वांत खालच्या खाचेवर आहे ना, ते बघा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. रात्री साडेअकराशिवाय झोपत नाही. आम्ही हॉलमध्ये झोपतो, आई-बाबा तिथेच मालिका बघतात. मी ऑफिसातून साडेनऊला येतो. सकाळी सातला उठवावं लागतं. दुपारी दोन तास झोपतो.
— एक वडील, ठाणे

हिशेब मांडू. रात्रीचे साडेसात तास अधिक दुपारचे दोन, मिळून साडेनऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी (एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४). म्हणजे तो रोज थोडा-थोडा उधारीवर जगतोय. अशी मुलं पेंगत नाहीत. उलट रात्री दहाला अंगात वारं शिरल्यासारखी धावतात आणि घरच्यांना वाटतं, याला झोपच आलेली नाही.

तुम्ही एकटे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ देशांतल्या जवळपास २९ हजार लहान मुलांच्या पाहणीत न्यूझीलंडची मुलं साडेसातच्या सुमाराला झोपत होती आणि हाँगकाँगची दहा वाजून गेल्यावर. आशियाई घरांत मुलं मोठ्यांच्या खोलीत झोपतात, उशिरा झोपतात आणि एकूण कमी झोपतात, असं त्यात दिसलं. आमचा कयास असा की, यात दोष शेजारी झोपण्याचा कमी आणि मोठ्यांचं वेळापत्रक मुलावर लादण्याचा जास्त.

आधी दुपार सोडवा. तीन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप साडेतीनच्या आत संपली पाहिजे. पाळणाघरात चार ते सहा झोपवत असतील तर त्यांच्याशी बोला, एक ते अडीच हवी. नुसतं एवढ्याने बऱ्याच घरांत रात्रीचा तासभर परत मिळतो.

मग उजेड. लहान मुलांच्या डोळ्यांतून प्रकाश मोठ्यांपेक्षा जास्त आत जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शाळेआधीच्या वयाच्या मोजक्या मुलांना झोपेपूर्वी तासभर प्रखर उजेडात बसवलं, तेव्हा झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं आणि दिवे मंद केल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. तुमच्या हॉलमधली ट्यूबलाइट आणि ४३ इंची टीव्ही मिळून काय करत असतील ते ओळखा. झोपेच्या तासभर आधी ट्यूब बंद, एक पिवळा मंद दिवा, तोही डोळ्यांच्या पातळीच्या खाली.

आता जागा. आतली खोली असेल तर मुलाची गादी तिथे घाला आणि मोठ्यांपैकी एकाने तो झोपेपर्यंत तिथे असावं. हॉलमध्ये झोपवून मग उचलून आत नेणं टाळा, त्याने मध्यरात्रीची रडारड वाढते. खोली एकच असेल तर टीव्हीची पाठ मुलाच्या गादीकडे असू दे, मध्ये जाड पडदा, आणि आजी-आजोबांना वायरलेस हेडफोन. हा खर्च बालरोगतज्ज्ञांच्या दोन भेटींइतकाच आहे. ‘मालिका बंद करा’ म्हणून वाद घालण्यापेक्षा हे बरं. मोबाइल-टीव्ही मुलाला स्वतःला दिवसाकाठी एक तासाच्या आत, आणि झोपेआधीच्या तासात अजिबात नाही.

सकाळची वेळ पक्की ठेवा, रविवारीही. रात्रीची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. साडेनऊपर्यंत यायला साधारण चार आठवडे लागतील. तुमच्या येण्याचं काय? तुम्ही दारात आलात की मुलगा उसळणार. तोवर तो अंथरुणात असला तर तुम्ही हातपाय धुऊन शांतपणे त्याच्या शेजारी पडा, दहा मिनिटं गप्पा. घोडा-घोडा आणि गुदगुल्या सकाळी सात ते साडेसातला करा. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना शाळांना दिली. तुमच्या बालवाडीची वेळ त्याआधीची असेल तर पालकसभेत विषय काढायला हरकत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात जमिनीवरची गादी खालून ओली लागते, मुलाला खोकला होतो. खाली प्लॅस्टिक घालतो तरी तसंच.
— एक पालक, संगमेश्वर

प्लॅस्टिकमुळेच वाढतंय. अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो, गार लादीवर त्याचं पाणी होतं आणि प्लॅस्टिक ते अडवून धरतं. खाली प्लॅस्टिकऐवजी विणलेली चटई घाला, किंवा दोन-तीन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर गादी घाला, म्हणजे खालून वारा खेळेल. सकाळी गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका, भिंतीला उभी टेकवा आणि पंखा लावा. बुरशीचे काळे ठिपके आले असतील तर ती गादी मुलाला देऊ नका, उन्हाने डाग जातो पण आतली बुरशी राहते. चादरी आणि अभ्रे आठवड्याला कडक पाण्यात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणातल्या पत्राला उत्तर देताना हे लिहिणं भाग आहे. पावसाळ्यात मण्यार (एक विषारी साप) रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश इतका बारीक असतो की झोपलेलं मूल उठतही नाही, खूणही धड दिसत नाही. मग पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीने उठलं आणि डोळे उघडेनात, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पट्टी आवळणं, चिरा देणं काही नको. आणि जून ते ऑक्टोबर मुलं खाटेवर, मच्छरदाणी चारही बाजूंनी घट्ट खोचून. जाळी नुसती सोडलेली असेल तर तिचा उपयोग नाही. उशाशी लाकडं, धान्याची पोती नकोत, त्यांच्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे ती.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर रात्रभर चालू ठेवतो. दीड वर्षांच्या मुलीला चालेल का? गच्चीवर झोपलो तर?
— एक आई, वर्धा

चालेल. झोत अंगावर नको, भिंतीवर आपटून यावा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते आणि पहाटे मूल घामाने उठतं. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि तो दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही जाळी लावा. गच्चीवर मुलीची गादी मधोमध, जिन्याचं दार कडी लावून, कठड्याजवळ बाज, खुर्ची, विटा असं चढायला काही नाही.

प्रश्न : मुलगा सहाचा, मुलगी चारची. दोघांना वेगळी खोली देतोय, वर-खाली झोपायचा बंक बेड घ्यायचा विचार आहे. मुलगा मात्र रात्री उठून आमच्याकडे येतो.
— एक पालक, नाशिक

वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल नको, म्हणजे मुलीला ‘गंमत म्हणून’ही नाही. वरच्या गादीच्या चारही बाजूंना कठडा हवा, भिंतीच्या बाजूलासुद्धा, आणि गादी अंथरल्यावर कठडा तिच्यावर किमान पाच इंच उरला पाहिजे. सहा इंची गादीसाठी बनवलेल्या पलंगावर आठ इंची गादी घातली की तो उरत नाही. दुकानदार पंख्याबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडे छताला पंखा असतो आणि वरच्या पलंगावर उभं राहिलेल्या मुलाचा हात पात्यांपर्यंत सहज जातो. पंखा भिंतीवरचा घ्या, नाहीतर बंक बेडचा विचार सोडा. दोन साधे तीन बाय साडेसहाचे पलंग अधिक उपयोगाचे.

मुलगा येतो त्याचं फार मनावर घेऊ नका. त्याच्या खोलीत पहिला आठवडा तुमच्यापैकी एकाने जमिनीवर गादी घालून झोपावं, पुढच्या आठवड्यात तो झोपेपर्यंत खुर्चीत बसावं, त्यानंतर दर दहा मिनिटांनी येऊन डोकावतो असं सांगून खरंच डोकवावं. रात्री आला तर न बोलता, दिवा न लावता परत नेऊन सोडा. पहाटे पाचनंतर आला तर येऊ द्या. बदल शाळा सुरू होण्याच्या किंवा घरात नवं बाळ येण्याच्या महिन्यात करू नका. बाळाने आपली जागा घेतली, असा अर्थ मुलं लगेच लावतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. बाळाला सांभाळायला आई आली आहे आणि तिला बाळ कुशीत घेऊन झोपायचं आहे. इथले डॉक्टर नको म्हणतात.
— एक पालक, अमेरिका

डॉक्टरांचं ऐका. तिथले पलंग जाड आणि मऊ असतात, वर हिवाळ्याची पिसांची पांघरुणं, भारतातल्या घट्ट गादीशी त्यांची तुलना होत नाही. आजींचा पलंग बॅसिनेटला (बाळाच्या छोट्या पाळण्याला) लागून ठेवा, हात आत घालून थोपटता येईल असा. घरात हीटिंग असताना इथून नेलेलं लोकरी टोपडं आणि स्वेटर झोपेत नको. दुपारी बाळ जागं असताना कुशी हवी तेवढी.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी झोपेत घोरते, सारखी लोळते, सकाळी चिडचिड करते. गादी बदलून बघितली.
— एक आई, लातूर

गादीचा दोष नाही. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मान मागे टाकणं, श्वास क्षणभर अडकून मग धापेने सुरू होणं, ही नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढल्याची लक्षणं असू शकतात. मुलगी गाढ झोपेत असताना, छाती उघडी दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ आवाजासह मोबाइलवर काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दवाखान्यात जाग्या मुलीला बघून डॉक्टरांना जे कळत नाही ते त्यात दिसतं. नुसतीच लोळत असेल, पाय सारखे हलवत असेल, तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही तपासायला सांगा. लोह कमी असलं की पाय स्वस्थ राहत नाहीत, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आढळला होता. लोहाचं औषध डॉक्टरांनी दिलेल्या मापानेच द्या, आणि दुधासोबत देऊ नका. लिंबूपाण्यासोबत दिलं तर चांगलं अंगी लागतं.